उत्तरेचं पाखं: एका जपानी शेतघराच्या दुरुस्तीच्या नोंदी

जागा क्योतो प्रांताच्या उत्तरेची, नानतान शहराच्या हद्दीतला मियामा हा डोंगराळ पट्टा. घर गवताने शाकारलेलं, कितायामा घडणीचं: चार पाख्यांचं छप्पर, बाहेरून फळ्यांच्या भिंती, आत चार खोल्या आणि एका अंगाला चोपलेल्या मातीची जमीन, तिला इथे 'दोमा' म्हणतात. राहतं कुणी नाही, वस्तीतली मंडळी ते सांभाळतात. याच परिसरातल्या किता वाडीत पन्नासांपैकी ३९ घरं गवती आहेत आणि १९९३ पासून ती वाडी संरक्षित आहे. आमचं घर त्या हद्दीबाहेर. त्यामुळे अनुदान नाही, आणि फळी बदलण्याआधी अर्ज घेऊन फिरणंही नाही.

जुनं जपानी घर घेऊन बसलेल्या, किंवा कोकणातलं कुडाचं घर दुरुस्त करू पाहणाऱ्या कुणाच्या कामी याव्यात म्हणून या नोंदी. पैसे येनमध्ये आहेत. शंभर येन म्हणजे या काळात साधारण ५५ रुपये.

१४ ऑक्टोबर २०२३. पाहणी

दक्षिणेचं पाखं ठीक आहे, अजून दहा-बारा वर्षं काढेल. उत्तरेच्या पाख्यावर मात्र शेवाळाची गादी झालीय आणि चार ठिकाणी आतला बांबू उघडा पडलाय. हा आडवा बांबू गवताला दाबून धरतो, त्याला 'ओशिबोको' म्हणतात. तो गवताच्या पोटात असायला हवा. बाहेरून दिसला की त्याच्यावरचं हातभर गवत कुजून, धुपून गेलं असं समजायचं.

परीक्षा सोपी: बोटाएवढी जाड लोखंडी सळई छपरात दाबायची. धड गवतात ती चार-पाच बोटं शिरते आणि अडते. आमची ईशान्येच्या कोपऱ्यात कोपरापर्यंत गेली आणि बाहेर काढली तेव्हा तिला काळी माती लागली होती. गवताची माती झाली की ती पाणी धरून ठेवते, आणि पुढचं सगळं त्या पाण्यामुळे बिघडतं.

पूर्ण शाकारणीचा अंदाज विचारला. चारही पाखी धरून आकडा एक कोटी येनच्या पुढे गेला. म्हणून 'साशिगाया' करायचं ठरलं, म्हणजे जुनं गवत न उतरवता कुजलेलं उपसून त्याच जागी नवं खोचायचं. उत्तरेचं पाखं ३८ चौरस मीटर. अंदाजपत्रक १५ लाख येन.

पहिली चूक कागदावरच झाली. वेळापत्रक ठेकेदाराच्या पद्धतीने लिहिलं: एप्रिलमध्ये काम, मार्चमध्ये माल मागवायचा. पण गवत वर्षातून एकदाच कापतात, ते पूर्ण वाळल्यावर, नोव्हेंबरअखेरीपासून पहिल्या बर्फापर्यंत. पाहणी डिसेंबरअखेर केली असती तर सगळंच वर्षभर पुढे गेलं असतं.

२५–२६ नोव्हेंबर. गवत कापणी

गवत म्हणजे सुसुकी, पुरुषभर उंचीचं, कापसासारख्या तुऱ्यांचं. छपराला लागणाऱ्या अशा गवताला सरसकट 'काया' म्हणतात. वस्तीचं सामायिक गवतरान आता विरळ झालंय, कारण हरणं कोवळे कोंब खातात.

पहिल्या दिवशी सकाळी इंजिनावर चालणारं कटर वापरलं. कापणी झटपट झाली, पण काड्या चहूकडे पसरल्या. बुंधे एका रेषेत आणायला कापणीच्या दुप्पट वेळ गेला. दुपारी विळे काढले. डाव्या हाताच्या कवेत घोळ धरायचा, जमिनीलगत कापायचा आणि त्याच कवेतून पेंढीत ठेवायचा. बुंधे मुळातूनच जुळलेले राहतात.

पेंढीचा घेर ६० सेंटिमीटर. प्रत्येकाच्या कमरेला त्या मापाची दोरी बांधून दिली, नाहीतर संध्याकाळी दमलेल्या हातांच्या पेंढ्या सकाळच्या निम्म्या भरतात. बांधण्याआधी पेंढी विंचरायची. वेल आणि रानटी झुडपांच्या काड्या आत राहिल्या तर त्या आधी कुजतात आणि छपरात पोकळी सोडतात.

सहा माणसं, दोन दिवस, १८० पेंढ्या. कोकणात भाताची उडवी रचतात तशा रानातच उभ्या उडव्या केल्या: बुंधे खाली, तुरे वर, मध्ये एक बांबू, वरून दोरीचा फास. हिवाळाभर त्या तशाच उभ्या राहतात.

१० डिसेंबर. बांबू

तीन ते पाच वर्षांचे ४० बांबू तोडले. आपल्याकडे अमावस्या बघून तोडतात, इथे ऋतू बघतात: शरदाच्या अखेरीपासून हिवाळ्यापर्यंत. तेव्हा बांबूत पिष्ट कमी असतं आणि भुंगा लागत नाही. वर्षाच्या आतला बांबू हिरवा आणि तजेलदार दिसतो म्हणून हात तिकडेच जातो. तो घेऊ नये. वाळल्यावर चिपटतो आणि त्यावर बांधलेली दोरी सैल पडते.

२६ जानेवारी २०२४. आग

आपल्याकडे प्रजासत्ताक दिन, इथे वारसा वास्तूंच्या अग्निसुरक्षेचा दिवस. १९४९ साली याच तारखेला होर्यूजी मंदिराच्या मुख्य सभागृहाला आग लागून भित्तिचित्रं जळाली, तेव्हापासूनची ही आठवण.

पाण्याची नळी ओढून पाहिली: ओढ्यावरच्या पंपापासून उत्तरेच्या वळचणीपर्यंत आठ मीटर कमी पडते. जोडनळी घेतली. पंपाच्या तोंडाशी बर्फ गोठला होता आणि तो फोडण्यात वीस मिनिटं गेली. गवती छपराला वीस मिनिटं म्हणजे सगळं संपलं. पंपाभोवती पेंढ्याचं आवरण केलं आणि तोंड खोल पाण्यात नेलं.

१७ मार्च. उडव्या उघडल्या

१८० पैकी ६० पेंढ्या गेल्या. पाच उडव्या खालच्या सखल वाफ्यात उभ्या केल्या होत्या, कारण तिथून गाडी जवळ. बर्फ वितळलं तेव्हा पाणी तिथेच साचलं आणि बुंधे वीतभर काळे पडले. काळा पडलेला भाग कापून गवत वापरता येईल असं वाटलं, पण छपराच्या बाहेर राहतं ते बुंध्याकडचंच टोक. पाऊस तेच झेलतं. कापलं तर काडीचा सगळ्यात जाड, टणक भाग जातो. ६० पेंढ्या भाजीच्या वाफ्यांवर अंथरायला शेजाऱ्यांना दिल्या.

कमी पडलेल्यासाठी क्यूशूमधल्या आसोच्या कुरणांतून १४० पेंढ्या मागवल्या. पेंढीला ९०० येन आणि वाहतूक ४८,०००. एकूण १,७४,०००. आसोचं गवत बारीक आणि सरळ आहे, आमच्यापेक्षा सरसच. ते गाडीतून उतरताना हे कुणी मोठ्याने बोललं नाही.

३० मार्च ते ९ एप्रिल. खांबांचे पाय

छपराच्या आधी खांब. घर उचलल्यावर छप्पर हलतं, म्हणून ताजी शाकारणी करून मग खांबाला जॅक लावणं म्हणजे पैसे फुकट.

या घराला पाया नाही. खांब थेट तळखड्यांवर उभे आहेत, आणि तळखडे म्हणजे न घडवलेले नदीचे धोंडे. आपल्या वाड्यांत तळखडा घडवून सपाट करतात. इथे उलट: दगड आहे तसा ठेवायचा आणि खांबाचं बूड दगडाच्या उंचसखलतेप्रमाणे कोरायचं. भूकंपात खांब दगडावर किंचित सरकतो आणि घर मोडत नाही.

वायव्येचे दोन खांब, १३५ मिलिमीटर चौरस, दगडापासून ३५ सेंटिमीटर उंचीपर्यंत कुजलेले. वाळवीही होती, पण ती नंतर आलेली. आधी वळचणीचं पाणी फळ्यांवरून खांबात मुरलं. धड लाकडापर्यंत जाऊन ७० सेंटिमीटरवर कापायचं आणि खाली चेस्टनटचा नवा तुकडा जोडायचा ठरलं. चेस्टनट ओल सोसतं.

जॅक लावताना चूक झाली. तुळईखाली दहा टनी जॅक आणि टेकू लावले आणि एका दमात ९ मिलिमीटर उचललं. शेजारच्या गाळ्यात काडकन आवाज झाला: खांबांतून आरपार जाणाऱ्या आडव्या पट्ट्यांच्या, म्हणजे 'नुकी'च्या, दोन पाचरी फुटल्या आणि सरकतं दार चौकटीत अडकलं. खाली घेतलं. मग आधी सगळ्या पाचरी ठोकून सैल केल्या, लगतच्या फळ्या काढल्या आणि दीड-दोन मिलिमीटर उचलून अर्धा तास थांबत गेलो. हवं होतं ते फक्त ६ मिलिमीटर. लाकूड आपल्या गतीने हलतं, घाई केली की सांधा तुटतो.

जोड 'कानावा' पद्धतीचा. वरचा आणि खालचा तुकडा अगदी सारखाच कापलेला असतो, एकमेकांत बाजूने सरकतो आणि मधल्या चौकोनी भोकात पाचर मारली की दोन्ही घट्ट ओढले जातात. दुरुस्तीला हाच जोड का, तर खांब वर उचलून कूस खाचेत उतरवावी लागत नाही. जोडाची लांबी ४०० मिलिमीटर, खांबाच्या जवळजवळ तिप्पट. नवा तुकडा झाडाचं मुळाकडचं टोक खाली ठेवूनच लावायचा. उलटा खांब इथले सुतार अशुभ मानतात.

बूड कोरण्याचं काम नीट सांगायला हवं, कारण सगळा एक दिवस त्यात गेला. कंपासाचं एक टोक दगडावर फिरवायचं, दुसऱ्या टोकाची पेन्सिल खांबावर दगडाची रेघ उमटवते. कंपास जराही कलला की रेघ खोटी. मग पटाशीने रेघेपर्यंत कोरायचं, आणि मधला भाग थोडा जास्त खोल घ्यायचा म्हणजे भार कडांवर येतो. त्यानंतर माळ्यावरची काजळी तेलात कालवून दगडावर फासली आणि खांब टेकवला. जिथे काळा डाग उमटतो तिथे लाकूड उंच आहे. तेवढंच तासायचं, पुन्हा टेकवायचं. पहिल्यांदा तीन डाग आले, सगळे एकाच बाजूला. सातव्या वेळी कडेने अखंड काळी रेघ उमटली. दुसरा खांब चौथ्या वेळी बसला.

मोजून घेतलेलं चेस्टनट पुरेसं वाळलेलं नव्हतं. हे तेव्हा माहीत असूनही लावलं, कारण वाळलेल्यासाठी थांबायचं तर छप्पर पावसाळ्यात गेलं असतं. (ऑक्टोबरची भर: जोड दीड मिलिमीटर उघडला. पाचर पुन्हा ठोकली, मिटला.)

१२ एप्रिल. भिंतीची माती मुरत घातली

भिंतीचं काम ऑगस्टमध्ये, पण माती आत्ताच. चिकणमातीच्या १०० लिटरला ६०० ग्रॅम भाताचा पेंढा, बोटभर ते वीतभर कापलेला. ताडपत्रीच्या हौदात पाणी घालून तुडवली. दर आठवड्याला एकदा तुडवायची आणि थोडा पेंढा टाकायचा. पेंढा कुजतो, मातीला चिकटपणा येतो. तीन आठवड्यांनी गोठ्यासारखा वास सुटला पाहिजे. वास नाही तर काम झालेलं नाही.

२२ एप्रिल ते १८ मे. उत्तरेचं पाखं

मुख्य कारागीर एक, मदतनीस एक, बाकी आम्ही. ओयाकाता, म्हणजे आपले मिस्त्री. दिवसाचे दोघांचे ४८,००० येन, १८ दिवस. शिराकावा गावात 'युई'च्या, म्हणजे एकमेकांच्या कामाला जाण्याच्या, रिवाजाने शे-दोनशे माणसं जमून एक पाखं एक-दोन दिवसांत उरकतात. आम्ही सहा, त्यातले दोन दिवसाआड येणारे. त्यामुळे तो हिशेब इथे लागू नाही.

क्रम असा. वळचणीकडून आढ्याकडे जायचं. पंजाने शेवाळ आणि माती झालेला थर खरवडायचा, धड पिवळं गवत दिसेपर्यंत. चपट्या दांड्याने जुना थर उचलायचा, फटीत मूठभर नवं गवत ७५ सेंटिमीटर कापून बुंधे बाहेर ठेवून खोचायचं, आणि खाचा पाडलेल्या लाकडी थापीने बुंध्यांवर ठोकत आत सारायचं. नवं गवत चार बोटं पुढे ठेवायचं, ते शेवटी कातरीने समपातळीत येतं. आम्ही पहिल्या दिवशी गवत वाचवायला ५० सेंटिमीटरचे तुकडे केले. दाबणाऱ्या बांबूपर्यंत ते पोहोचतच नव्हते. दुसऱ्या दिवशी हाताने ओढले तर दातातल्या काडीसारखे निघून आले. एक दिवस गेला.

उघडा पडलेला बांबू काढून नवा घालायचा आणि तो आतल्या वाशांना शिवायचा. दाभण हातभरापेक्षा लांब, टोकाशी भोक. बाहेरचा माणूस दोरी ओवून दाभण छपरातून आरपार घालतो, आतला माणूस माळ्यावर दोरी सोडवून वाशाला वेढा देतो, बाहेरचा दाभण दुसऱ्या जागी घालतो, आतला दोरी परत ओवतो. आत मिट्ट काळोख, शंभर वर्षांची काजळी. कपाळावर दिवा आणि धुळीचा मास्क नसेल तर दहा मिनिटांत माणूस खोकत खाली येतो.

इथे दोन ओळी वाया गेल्या. आतल्या माणसाने वेढा वाशाऐवजी गवताखालच्या बांबूच्या चटईला दिला. अंधारात दोन्ही सारखेच हाताला लागतात. बाहेर बांबूवर पाय ठेवला तेव्हा तो लवून खाली गेला. त्यानंतर आतून खडूने वाशांवर खुणा केल्या आणि "वासा धरला" अशी हाळी आल्याशिवाय बाहेरच्याने दोरी ओढायची नाही असं ठरलं. पेंढ्याची दोरी बांधण्याआधी ओली करायची. कोरडी गाठीशी तुटते. बागकामाच्या दुकानातली दोरी आमच्या हातात तीनदा तुटली, ती कुंपणाला वापरली.

८ मेच्या रात्री पाऊस. सकाळी वायव्येच्या कोपऱ्यात, नेमकं नव्या कामाखाली, माळ्यावर थेंब. जुन्या भागात नव्हते. ही या सगळ्या कामातली सगळ्यात महाग शिकवण, म्हणून सविस्तर.

गवती छपरात पाणी वरच्या दोन-चार बोटांतच वाहतं. काडीवरून काडीवर घरंगळत वळचणीला जातं. ते होण्यासाठी प्रत्येक काडी बाहेरच्या बाजूला उतरती हवी. पण काडीचा बुंधा जाड आणि शेंडा बारीक असतो. बुंधे बाहेर ठेवून थरावर थर चढवत गेलं की बाहेरची बाजू भराभर उंच होते, आतली मागे राहते. चार-पाच थरांनंतर काडी आडवी होते, आणखी दोन थरांनी तिचा उतार आत वळतो. वरून बघणाऱ्याला पाखं अगदी देखणं दिसतं. पाणी मात्र काडीवरून सरळ घरात येतं.

उपाय म्हणजे आतल्या बाजूला भर: कातरलेले तुकडे, शेंडे, जुनं धड गवत प्रत्येक थरामागे अंथरायचं. मिस्त्री हे न बोलता करतात. आम्ही कोपऱ्यातली सहा चौरस मीटर जागा स्वतः केली आणि तुकडे कचरा समजून खाली टाकत होतो. सगळं उपसून पुन्हा केलं. दोन दिवस, ९६,००० येन. त्यानंतर प्रत्येक तिसऱ्या थराला तपासणी: पातळ कामटी काडीला समांतर खुपसायची आणि बाहेर राहिलेल्या टोकावर पाणसळ धरायची. हातभर लांबीत चार बोटं तरी उतार हवा. कोपऱ्यात तो जास्तच हवा, कारण तिथे दोन पाख्यांच्या काड्या पंख्यासारख्या पसरतात आणि आपोआप सपाट होतात.

गवताचा अंदाजही चुकला. चौरस मीटरला चार पेंढ्या धरल्या होत्या, लागल्या साडेसहाच्या वर. वरून दिसणारी कुज आणि आतली कुज यात एवढा फरक. एकूण २५२ लागल्या, आठ उरल्या.

कातरणी वरून खाली. लांब दांड्याच्या कातरीने पाखं समतल करत यायचं आणि परांचीचे बांबू एकेक सोडत उतरायचं. खाली उतरल्यावर वर खड्डा दिसला तर पुन्हा चढायला काही नसतं. म्हणून एकाने दूर, रस्त्यावर उभं राहून सांगायचं.

जुन्या बांबूंपैकी अकरा आतून तांबूस-काळे, चकचकीत निघाले. दशकानुदशकं चुलीच्या धुरात राहिलेल्या या बांबूला 'सुसुदाके' म्हणतात. चहासमारंभाचं सामान करणारे तो शोधत असतात. विकला नाही, माळ्याच्या दुरुस्तीत परत लावला.

२०–२६ मे. आढं

आढ्यावर पावसाचा मारा दोन्ही बाजूंनी, म्हणून तिथे गवतावर सुगी देवदाराच्या सालीचं पांघरूण असतं. त्यावर उलट्या व्ही आकाराच्या लाकडी कैच्या बसवतात. त्यांना 'उमानोरी' म्हणतात, म्हणजे घोडेस्वार, आणि त्या आढ्यावर पाय टाकून बसल्यासारख्याच दिसतात. संख्या विषम. आमच्या पाच. त्यांच्यावरून आडवं जाणारं लाकूड म्हणजे 'युकिवारी', बर्फ फोडणारं.

साल मागवायला उशीर केला. ती वसंत-उन्हाळ्यात, खोडात रस चढलेला असतानाच सलग सुटते. मेमध्ये नवी साल नुकती निघू लागलेली, म्हणून गेल्या वर्षीची ठिसूळ साल चढ्या भावाने घ्यावी लागली. ठिसूळ साल वाकवताना चिरते. रात्रभर ओढ्यात भिजवली, मग वळली. सालीचा थर दोन-तृतीयांश झाकला जाईल असा चढवला. बांधणीची गाठ सालीच्या वर येऊ द्यायची नाही, कारण गाठ आली की तिथून पाणी आत उतरतं. एक गाठ अशी राहिली होती, ती परांची निघण्याआधी दिसली हे नशीब.

आढं उघडलं तेव्हा कुठे शाईने लिहिलेली तारीख सापडते का पाहिलं. याच भागातलं इशिदा कुटुंबाचं घर १६५० सालचं, आणि ज्यांचं साल पक्कं ठाऊक आहे अशा जपानी शेतघरांत ते सर्वांत जुनं. आमच्याकडे फक्त काजळी.

२५ जून

पावसाळा सुरू. माळा कोरडा. आणखी लिहिण्यासारखं काही नाही.

२१ जुलै. बुरशी

छप्पर कोरडं, पण घर बंद राहिल्याने तातामींवर, म्हणजे खोलीत अंथरलेल्या जाड चटयांवर, हिरवी बुरशी आणि तुळईवर पांढरी. छप्पर गळत नाही म्हणजे घर ठीक, हा समज चुकीचा. जमिनीतल्या चौकोनी चुलीत, 'इरोरी'त, आता आठवड्यातून तीनदा चार-चार तास लाकूड पेटवायचं ठरलंय. धूर छताच्या बांबूच्या फटींतून माळ्यावर जातो, गवत वाळवतो, किड्यांना पळवतो. चूल विझलेल्या घराचं छप्पर लवकर जातं हे इथे कुणालाही विचारा.

चुलीवर टांगलेला लाकडी पाट ठिणग्या अडवतो. त्याच्या कडेला झीज होती, बदलला. कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणारं यंत्र भिंतीवर लावलं. पेटवणाऱ्याने विझेपर्यंत जागा सोडायची नाही. किता वाडीतल्या संग्रहालयाचं घर २००० साली जळालं आणि पुन्हा उभं करावं लागलं, ती आठवण या खोऱ्यात ताजी आहे.

२७ जुलै ते २० ऑगस्ट. मातीची भिंत

सहा चौरस मीटर, मोरीच्या बाजूची. कुड आपल्यासारखाच: बांबूच्या कामट्या उभ्या-आडव्या, पेंढ्याच्या दोरीने बांधलेल्या. कामट्यांत दोन बोटं शिरतील एवढी जागा. मुरलेली माती एका बाजूने दाबून लिंपायची, ती फटीतून पलीकडे फुगवट्यासारखी निघते आणि कामट्यांना धरून बसते. मग मागून दुसरा थर.

कोरडं होऊ देण्यात घाई नको. भर उन्हात पंखा लावला, तर नुकीच्या रेषेवर बोट जाईल एवढी आडवी भेग पडली. नुकीवर माती पातळ असते, आधी वाळते, आधी फाटते. भेगेत तागाच्या कापडाची पट्टी चिखलात बुडवून दाबली. खांबालगत माती आकसून फट पडते. त्यासाठी खांबाला कडेने छोटे खिळे आणि त्यांना तागाच्या दोऱ्यांच्या मिश्या लावायच्या, त्या ओल्या गिलाव्यात पसरवायच्या. हे आम्ही एका खांबाला विसरलो. त्या कडेने आता उजेड दिसतो. मधला थर देताना सुधारू.

५–८ ऑक्टोबर. दोमा

नऊ चौरस मीटर. माती (कुजलेल्या ग्रॅनाइटची) दहा भाग, विरलेला चुना दोन भाग, आणि निगारी, म्हणजे मिठागरातला मॅग्नेशियम क्लोराइडचा क्षार, पाण्यात विरघळवून. चुना बांधतो, निगारी ओल धरून ठेवते आणि जमीन धूळ सोडत नाही.

पहिली खेप काँक्रीटच्या मिक्सरमध्ये केली. गोळे झाले. पाणी जास्त होतं, चोपणं मातीला चिकटून वर यायला लागलं आणि सकाळी भेगा. दोन चौरस मीटर उकरले. नंतर फावड्याने जमिनीवरच कालवलं. खूण अशी: मुठीत दाबली की लाडू वळतो आणि बोटाने टिचकी मारली की दोन तुकडे होतात. चुरा झाला तर पाणी कमी, बोटाला चिकटला तर जास्त. दोन थर, सात-सात सेंटिमीटर सैल, प्रत्येक थर आधी धुम्मसाने, मग चोपण्याने साडेचारवर आणायचा. हातांना फोड येतात ते दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशीचं काम म्हणून वाकडं होतं. तिसऱ्या दिवशी नवी माणसं ठेवा.

२ नोव्हेंबर. तातामी

बुरशी लागलेल्या सहा तातामी बदलायच्या होत्या. जपानात २०२३ च्या गणनेत ९० लाख घरं रिकामी निघाली. पाडल्या जाणाऱ्या घरांतलं सामान स्वस्त मिळतं. दुरून सहा तातामी वाहतुकीसह ३६,००० ला आणल्या आणि खोलीत टाकल्या, तर सगळीकडून फटी. या बाजूचं माप क्योतोचं, ९५५ बाय १९१० मिलिमीटर. आणलेल्या तोक्योकडच्या, ८७९ बाय १७५७. लहान तातामी मोठी करता येत नाही. माळ्यावर ठेवल्या आहेत, कुणाला हव्या असतील तर घेऊन जा.

१० नोव्हेंबर. हिशेब

शाकारणीची मजुरी ८,६४,०००, विकत गवत १,७४,०००, परांचीचं भाडं २,१०,०००, दोरी-तार ३१,०००. आढ्याची साल आणि लाकूड १,८५,०००. सुतार, चेस्टनट, जॅक मिळून ३,२०,०००. भिंत १,१३,०००, दोमा ४२,०००, नको त्या तातामी ३६,०००. एकूण १९,७५,००० येन, पावणेअकरा लाख रुपयांच्या आसपास. अंदाजापेक्षा पावणेपाच लाख येन जास्त. त्यातले जवळपास दोन लाख भिजलेलं गवत, उलट्या उताराचा कोपरा आणि तातामी या तिघांनी खाल्ले.

२३ नोव्हेंबर २०२४

दक्षिणेच्या पाख्यासाठी आतापासून गवत साठवायला सुरुवात. सात माणसं, विळेच, १९५ पेंढ्या. उडव्या वरच्या बांधावर, खाली आडवे बांबू टाकून. गाडी तिथपर्यंत जात नाही, पेंढ्या खांद्यावरून न्याव्या लागल्या.